बोल्टाच्या वाती

आमच्या घरात वाती दोन प्रकारच्या असायच्या. एक देवाजवळच्या, कापसाच्या. त्या सगळ्यांच्याच घरात असतात. दुसऱ्या बोल्टाच्या. नाशिकबाहेर मखमलाबाद रस्त्याला नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड आणि मागं आमच्या दोन खोल्या. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, काढलं की खालच्या ब्लॉकवर बोल्टांची भोकं उघडी पडतात. त्यातली काही विहिरीसारखी खालून बंद असतात. त्यात माती पडली, खडा पडला, तर बाहेर यायला वाट नाही. आईचं नवं लग्न झालेलं असताना नाना एकदा सकाळपासून दुपारपर्यंत अशाच एका भोकातली वाळू तारेनं उकरत बसले होते. तिनं ते पाहिलं, आत गेली, जुन्या लुगड्याचा काठ फाडला, पट्ट्या मांडीवर वळल्या आणि प्रत्येक भोकात एकेक वात खोवून टाकली. तेव्हापासून गॅरेजमध्ये हेड उघडलं की आई वाती घेऊन हजर. नानांनी तिला कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. आमच्याकडं येणाऱ्या शेतकऱ्यांना वाटायचं, हाही मिस्त्रीचाच काहीतरी नेम असेल.

आई सटाण्याकडची. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण कान असा तयार की विचारू नका. हेड बसवून इंजिन पहिल्यांदा सुरू करायची वेळ आली, की ती स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची, पण साखर टाकायची नाही. इंजिन धडधडायचं, खोकायचं, धूर सोडायचं, मग हळूहळू त्याचा आवाज एका तालात यायचा. तो तालात आला की आई साखर टाकायची आणि आतूनच विचारायची, "बरं शे ना?" नाना सायखेड्याचे. त्यांना बायकोच्या त्या अहिराणी 'शे'ची, म्हणजे 'आहे'ची, चेष्टा केल्याशिवाय राहवायचं नाही. "बरं शे, बरं शे, चा आण," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडं बघून हसायचे. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात चहात साखर पडली नाही असं एकदाही झालं नाही. नानांनी बसवलेलं हेड दुसऱ्यांदा उघडावं लागत नाही, असा त्यांचा लौकिक होता. पार दिंडोरीपासून माणसं यायची. "नानाचा हात लागला पाहिजे," म्हणायची. नाना वरून लाजायचे आणि आतून फुगायचे. पान्हा हातात घेतला की बोल्ट किती आवळायचा हे त्यांचं मनगटच त्यांना सांगायचं. त्यासाठी मापाचं हत्यार त्यांच्याकडं नव्हतं आणि कुणी आणा म्हटलं तर त्यांना तो अपमान वाटायचा.

मी पंधरा वर्षांची झाले त्या श्रावणात आई गेली. तिला आधीपासून दम लागायचा. पाण्याची कळशी आणली की उंबऱ्यावर बसायची, छातीवर हात ठेवायची आणि आम्ही बघतोय असं दिसलं की उठायची. आम्हाला ते सवयीचं झालं होतं. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की हृदयाची झडप खराब आहे, फार उशीर केलात. नाना तिथं बाकावर बसून राहिले. मैलभरावरून ट्रॅक्टर येताना त्याच्या आवाजावरून कुठला पिस्टन कमी चाललाय हे सांगणारा माणूस, आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोचा दम त्याला कळला नाही, हे त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही. मला ते त्यांच्याकडं बघून कळायचं. त्यांच्या तोंडून ते दोनेक महिन्यांनी आलं.

आई गेल्यावर नानांची मोठी बहीण, त्यांची आक्का आणि माझी आत्या, आमच्याकडं राहायला आली. आत्या वाईट नव्हती, हे आज या वयात मी शपथेवर सांगेन. तिनं स्वतःचं घर सोडून आमचा संसार सांभाळला. पण तिचा स्वयंपाक वेगळा, आणि त्या दिवसांत तेवढंही मला पुरेसं होतं. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यातली, जाडीभरडी; आत्याची पाट्यावरची, मऊ. आई वांग्याच्या भरताला कांद्याची पात घालायची, आत्या घालायची नाही. नाना काहीही न बोलता बाजरीची भाकरी मोडायचे, अर्धी खायचे, अर्धी ताटात ठेवून उठायचे. आत्याची जीभ मात्र तिखट होती आणि सोवळंओवळं फार. वर्षभर घरात सण नाही, गोड नाही, दाराला तोरण नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. दुखवट्याच्या वर्षात कुणी पूजा केली तर घरावर आणखी काहीतरी येतं, असं ती म्हणायची. आधीच आई गेलेली. आणखी काय येणार, याची मला भीती वाटायची.

घटस्थापना झाली आणि सुकदेवतात्यांचा ट्रॅक्टर आला. तात्या माळी, नदीपलीकडं त्यांचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा. नानांचं जुनं गिऱ्हाईक आणि जुने मित्रही. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये जो पातळ पत्रा असतो, गॅस्केट, तो पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या मधोमध जळला होता. आई गेल्यावर नानांनी उघडलेलं हे पहिलंच हेड. एरवी ते काम करताना बोलायचे, गुणगुणायचे. त्या दिवशी पान्ह्याच्या आवाजाशिवाय शेडमध्ये आवाज नव्हता. हेड काढलं, घासून सपाट करायला शहरातल्या कारखान्यात पाठवलं. दसऱ्यामुळं कारखाना बंद राहणार, म्हणून ते सणानंतरच मिळणार होतं. नानांनी तिन्ही सिलिंडरमध्ये फडकी कोंबली आणि वर गोणपाट टाकलं. बोल्टांच्या भोकांकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. नानांच्या हिशेबी ती भोकं कधी उघडी नसायचीच. आत्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. आणि मला, जिनं लहानपणापासून आईच्या मांडीशी बसून त्या पट्ट्या फाडल्या होत्या, मलाही आठवलं नाही.

खंडेनवमीला सकाळी तात्या सवयीनं पाटीभर झेंडू घेऊन आले. आत्यानं दारातच सांगितलं की आमच्याकडं यंदा काही नाही. तात्या वरमले, पाटी शेडच्या कोपऱ्यात ठेवून गेले. दरवर्षी या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असायची. पान्हे, हातोड्या, छिन्न्या घासूनपुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, अक्षता, फूल. शेडमध्ये जे इंजिन असेल त्याच्यावरही आई एक फूल ठेवायची. इंजिनाला ती पाहुणा म्हणायची. त्या वर्षी हत्यारं पेटीत तशीच पडून होती आणि झेंडूचा वास मात्र सगळीकडं भरून राहिला होता. दुपारी आत्या शेजारी गेली. नाना आतल्या खाटेवर पडले होते. मी देवघरातली अक्षतांची डबी उघडली. त्या अक्षता आईनंच कुंकवात कालवून ठेवलेल्या होत्या, तिच्या बोटांनी. डबी झाकून मी परत ठेवत होते, आणि ठेवली नाही. चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटीतलं एक झेंडूचं फूल घेतलं आणि शेडमध्ये गेले.

गोणपाट बाजूला केलं. ब्लॉकचं तोंड तेलकट आणि गुळगुळीत. फूल ठेवलं की घरंगळायचं. दोनदा खाली पडलं. मग मी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भोकात देठ खोवला. फूल छान ताठ उभं राहिलं. वर अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, बघ, विसरले नाही. एवढ्यात आत खाट करकरली. मी घाबरून फूल ओढलं, परकराच्या घोळानं अक्षता भराभर पुसल्या, गोणपाट ओढलं आणि मागच्या दारानं विहिरीवर गेले. तिथं मूठ उघडली तर हातात नुसतं फूल होतं, देठ नव्हता. कुठंतरी पडला असेल, असं म्हणून मी फूल विहिरीत टाकलं.

दसऱ्यानंतर हेड आलं. नानांनी नवं गॅस्केट ठेवलं, हेड बसवलं, मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बाजूला, नेहमीच्या क्रमानं, तीन फेऱ्यांत सगळे बोल्ट आवळले. तात्या आले होते. त्यांनी सहज म्हटलं, नाना, तुमच्या हातचं म्हणजे काळजी नाही. इंजिन सुरू व्हायच्या बेताला मी आत जाऊन आधण ठेवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन धडधडलं, खोकलं, पांढरा धूर शेडभर झाला. मी साखरेचा चमचा हातात धरून उभी राहिले. आवाज तालात येईना. लंगडा माणूस चालावा तसं ते चालत राहिलं. शेवटी बंद पडलं. मी चमचा डब्यात परत ठेवला आणि स्टोव्ह विझवला.

त्यानंतरचे दोन दिवस नानांनी त्या इंजिनात जे शोधलं ते मी पान्हा फिरवायची टॉमी आणि तेलाची बुधली हातात देत शेजारी उभी राहून पाहिलं. आज माझ्या मुलाची गाडी बिघडली की तिथला पोरगा तिला वायर लावतो आणि पडद्यावर दुखणं वाचतो. नाना दुखणं बोटांनी वाचायचे. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची डिझेलची नळी सैल केली. पहिल्याची सैल केली, आवाजात फरक नाही. दुसऱ्याची केली, फरक नाही. तिसऱ्याची केली, इंजिन मरायला आलं. म्हणजे एकटा तिसराच ओझं ओढत होता. मग डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकावर अंगठा धरायचा आणि मला इंजिन हातानं फिरवायला सांगायचं. तिसऱ्यावर अंगठा उडायचा. पहिल्या दोन्हींवर नुसती फुंकर लागायची. दाब कुठंतरी निसटत होता. त्यांनी झडपा उघडणाऱ्या टॅपेटची फट पाहिली, ती बरोबर. त्यांनी सिलिंडरमध्ये पळीभर तेल ओतलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं दाब वाढला असता. वाढला नाही. म्हणजे रिंगा चांगल्या. हेड पुन्हा काढलं, उलटं करून झडपांवर डिझेल ओतलं आणि बराच वेळ बघत बसले. एक थेंब झिरपला नाही. पोलादी पट्टी आडवी धरून हेड पाहिलं, ब्लॉक पाहिला, दोन्ही सपाट. गॅस्केटवर मात्र पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये काळा पट्टा उमटला होता. तिथूनच दाब एकातून दुसऱ्यात जात होता. म्हणजे तिथं हेड नीट दाबलं जात नव्हतं. म्हणजे तिथला बोल्ट.

दुसरं गॅस्केट घातलं. या वेळी त्या दोन सिलिंडरांमधला बोल्ट आवळताना नानांनी डोळे मिटले. पान्हा कुरकुरला, थांबला. "कडक लागलाय," ते स्वतःशी म्हणाले. "हाताला तर कडक लागतोय." बोल्ट कडक आणि तरी हेड सैल, हे त्यांना उमगत नव्हतं. मला त्या क्षणी उमगलं. बोल्ट हेडला दाबत नव्हता, तो भोकाच्या तळाशी कशावर तरी टेकत होता. तो देठ मला डोळ्यांसमोर दिसला. त्याच्यावर पडलेले आईच्या अक्षतांचे दाणेही दिसले. मी नाना म्हणून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं. आत्या दारात धान्य पाखडत बसली होती. त्याच सकाळी तिनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं होतं, की या घरात कुणाचं तरी काहीतरी चुकतंय, नाहीतर असं एकामागून एक होत नसतं. नाना म्हणाले, काय गं. मी म्हटलं, पाणी आणू का. त्यांनी मान हलवली. मी पाणी आणलं.

इंजिन पुन्हा तसंच लंगडलं. या वेळी मी आधण ठेवलंच नव्हतं.

तात्यांच्या मळ्यातली कामं खोळंबली होती. ते बिचारे काही बोलत नव्हते, पण येऊन बसायचे, तंबाखू मळायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी नानांनीच त्यांना बोलावून घेतलं. ते खाली गोणपाटावर बसले होते आणि स्वतःचा उजवा हात बघत होते, उलटसुलट करून, जणू कुणीतरी दुसऱ्याचा आणून दिलाय. म्हणाले, "तात्या, ट्रॅक्टर शहरात न्या. माझा हात गेला." तात्या म्हणाले, एका इंजिनानं असं काही होत नसतं. नाना म्हणाले, "तिचा दम गेलेला मला कळला नाय. आता इंजिनाचाबी कळंना." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले होते. मी खांबाला टेकून उभी होते. सगळं माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य बोलले असते तर तो बोल्ट काढून, तार घालून, घटकाभरात सगळं निस्तरलं असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या माणसाला कळलं असतं की त्याचा हात गेलेला नाही. मी बोलले नाही. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून आमच्या शेडमधून तात्यांचा ट्रॅक्टर ओढत नेला. असं आमच्या शेडमधून कधीच काही गेलं नव्हतं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

दोन दिवसांनी सकाळीच तात्या ट्रॅक्टरवर बसून आले. आवाज लांबूनच आला, एका तालात. नाना उठून उभे राहिले. तात्यांनी खिशातून वहीच्या कागदाची पुडी काढली. शहरातल्या त्या तरुण मिस्त्रीनं हेड उघडलं, सगळी भोकं तारेनं आणि हवेनं झाडली आणि मधल्या भोकातून हे काढलं. तात्यांचा स्वभाव गमत्या, त्यात ट्रॅक्टर सुरू झालेला; ते हसत म्हणाले, "नाना, तुमच्या इंजिनाचा परसाद घ्या." नानांनी पुडी उघडली. देठाचा काळा लगदा झाला होता, त्याला चिकटलेले पाचसहा तांदूळ. चेपलेले, तेलानं काळवंडलेले, पण एकदोनांवर कुंकू अजून दिसत होतं. आत्या पुढं आली. तिनं पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. "पूजा कुणी केली?" ती म्हणाली. "वरीस सरलं नाय अजून. ह्या घरात पूजा कुणी केली?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आजही ते मला स्पष्ट आठवतं. त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. पुडी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "म्या केली."

आत्यानं डोक्याला हात लावला. तात्यांचं हसू मावळलं. नाना एवढंच म्हणाले की सवय होती, फूल ठेवलं, भोकं झाडायची राहिली. मग ते तात्यांना बसा म्हणाले. तात्या बसले नाहीत. ते कुणाला वाईट सांगणारे नव्हते, पण अशी गोष्ट पोटात राहत नाही. आठवडे बाजारापर्यंत बोभाटा झाला. इंजिनात तांदूळ शिजवणारा मिस्त्री, असं कुणीतरी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. हात गेला म्हणणाऱ्याला लोक एक वेळ सांभाळून घेतात; दुखवट्यात पूजा करून वर इंजिनात अक्षता विसरणाऱ्याला हसतात.

त्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. नाना रिकाम्या जागेत बसले होते, जिथं तो ट्रॅक्टर होता तिथं, जमिनीवर तेलाचे डाग पडलेले. त्यांच्या हातात पट्टी होती, आईच्या जुन्या लुगड्याची. कुठल्यातरी खोक्यात सापडली असणार. ते ती मांडीवर वळायचा प्रयत्न करत होते आणि ती उलगडत होती. म्हणाले, "लोक माझा हात म्हणत व्हते, इंदे. निम्मा तिचा व्हता. मला इतक्या वर्सांत ठावं नव्हतं." मग ते थांबले, पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून अगदी हळू विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "जेवायला चला."

ते उठले. हात धुतले. पिठलं होतं. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर नानांनी हेडचं काम कधी घेतलं नाही. कुणी आणलंच तर शहरातल्या त्याच तरुण मिस्त्रीचा पत्ता द्यायचे. स्वतः पंपांचे वायसर, नांगरांचे फाळ, ट्रॉलीचे बेअरिंग असली कामं करत राहिले. पोट भागत होतं, तक्रार नव्हती. आत्यानं पुढच्या वर्षी सण सुरू केले, मला शिकवलं, मी पुढं शाळेत गणित शिकवायला लागले, लग्न झालं, नाशिकमध्येच राहिले. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाच्या कडेनं नानांकडं पाहिलं होतं. सगळे अक्षता टाकत होते आणि ते मूठ मिटून उभे होते. मला वाटलं, रडू आवरतायत. मूठ कशासाठी मिटली असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. करायचा टाळला म्हणा. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं की उत्तर चुकलं तर पायरी कुठं चुकली ते शोधा आणि कबूल करा. वर्गात हे बोलताना मी दर वेळी वाक्य अर्धवट सोडायचे. पोरांना वाटायचं, बाईंना पाणी हवंय, आणि कुणीतरी पाण्याची बाटली पुढं करायचं.

शेवटची तीन वर्षं नाना माझ्याकडं होते. शेड विकली गेली होती, तिथं आता दुकानांची रांग आहे. हत्यारांची पेटी त्यांनी एका ओळखीच्याला देऊन टाकली होती, फक्त हेडच्या बोल्टाचा पान्हा ठेवून घेतला होता. तो माझ्या देवघराखालच्या कप्प्यात असायचा. शेवटच्या खंडेनवमीला मी तो बाहेर काढला. नाना खुर्चीत होते. हात आता खरोखरच गेले होते, चहाची बशी धरवत नव्हती. मी पान्हा पुसला, पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल उचललं. तेव्हा ते म्हणाले, "देठ काढून ठेव."

माझा हात तिथंच थांबला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीला हार घालून हॉर्न वाजवत होतं. मी त्यांच्याकडं न बघता विचारलं की तुम्हाला कधी कळलं. ते म्हणाले, पुडी उघडली तेव्हाच. आई फूल कधी खोवायची नाही, ती आडवं ठेवायची, आणि भोकात वात असायची. त्या घरात ते फूल ठेवणारं दुसरं होतं कोण?

"मग माझ्यावर का नाही येऊ दिलंत?" मी विचारलं.

"आई नसलेली पोर. आक्कानं तुला जन्मभर बोलून घेतलं असतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, नाना, मी सांगायला हवं होतं, ट्रॅक्टर जायच्या आधीच सांगायला हवं होतं, तुमचा हात गेला नव्हता. म्हटलं, मी त्या दुपारी सांगायलाच आले होते. त्यांनी पाटावरच्या पान्ह्याकडं पाहिलं. चिडलेले नव्हते. फार थकलेले होते.

"ठावं हाय," ते म्हणाले. "तू जेवायला बोलवून गेलीस. मी म्हटलं, आज नाय तर उद्या सांगंल."

मी देठ खुडला आणि फूल आडवं ठेवलं.